जुन्या वेगवान गाड्या आणि शिसेविरहित पेट्रोल : हेड आत्ताच उघडावे का?

जुना_सदर

नमस्कार मंडळी. मामांकडून आमच्याकडे आलेली १९६७ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती. ब्रेक, वायरिंग आणि पेट्रोलची टाकी यांची कामे उरकून ती आता पुन्हा नागपूरच्या रस्त्यावर आली आहे. इंजिन मूळचेच आहे : १७९८ सीसी, ओतीव लोखंडाचे हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग), दोन एसयू कार्बोरेटर आणि सोबत ओव्हरड्राइव्ह (कमी फेऱ्यांत तोच वेग देणारे जादा गिअर). हेड आजवर उघडले गेल्याची कोणतीही नोंद कागदपत्रांत सापडत नाही.

अडचण सल्ल्यांची आहे. हिंगणा एमआयडीसीतील एका मशीन शॉपने ठामपणे सांगितले की शिसेविरहित पेट्रोलवर ही गाडी चालवायची असेल, तर आधी हेड उतरवून आठही व्हॉल्व्हना कडक धातूच्या सीट रिंगा (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतो त्या कड्या) बसवाव्याच लागतील. दुसऱ्या एका जुन्या मेकॅनिकचे म्हणणे नेमके उलट आहे. शिशाचे पेट्रोल बंद होऊन पंचवीस वर्षे उलटली, तोवर कुणाची गाडी थांबली, असे ते विचारतात. इंग्रजी लिखाण वाचावे तर तिथे सगळा हिशेब ९७ ऑक्टेनच्या ब्रिटिश ‘फोर स्टार’ पेट्रोलचा असतो आणि आपल्याकडचे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे म्हणून ओळखले जाते. त्यातच आता इथेनॉलची भर पडली आहे.

तेव्हा हेड आत्ताच उघडावे, की काही मोजमाप करून वाट पाहावी? ज्यांनी अशी इंजिने प्रत्यक्ष हाताळली आहेत त्यांनी कृपया कारणांसह लिहावे.

धातुविद्या

धागा वाचून आनंद झाला, कारण या विषयावर भीती फार आणि माहिती थोडी अशी स्थिती आहे. शिसे पेट्रोलमध्ये कशासाठी होते, इथून सुरुवात केली तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतील.

टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी खडखड) रोखते, हे थॉमस मिजली यांनी जनरल मोटर्समध्ये १९२१ साली शोधून काढले. १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळून विकले जाऊ लागले. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची क्षमता, स्वस्तात वाढवणे एवढाच त्यामागचा हेतू होता. व्हॉल्व्हचे संरक्षण हा त्याचा न मागता मिळालेला लाभ होता. जळालेल्या शिशाच्या क्षारांचा अतिशय पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि सीटवर साचत असे आणि तापलेले दोन धातू थेट एकमेकांना भिडू देत नसे.

हा थर नसेल तर काय होते ते पाहा. लोखंडी हेडमध्ये सीट म्हणजे वेगळा भाग नसतो, हेडचेच लोखंड तासून ती तयार केलेली असते. भरधाव चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद होतो, प्रत्येक वेळी तो सीटवर आपटतो, आपटताना दोन्ही पृष्ठभागांचे सूक्ष्म कण क्षणभर एकमेकांना वितळून चिकटतात आणि व्हॉल्व्ह उचलला गेला की सीटचे लोखंड उपटले जाते. हे कण व्हॉल्व्हच्या तोंडात रुतून बसतात, त्यांचे ऑक्साइड कठीण असते आणि मग व्हॉल्व्हच पॉलिश पेपरसारखा सीटला घासू लागतो. सीट खचत जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर सरकतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली मोकळी जागा) कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याच्या कडेने ज्वाळा निसटते आणि तो जळतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की हा प्रश्न एक्झॉस्ट सीटचा आहे. इनलेट व्हॉल्व्ह येणाऱ्या मिश्रणाने सतत गार होतो, त्यामुळे आठही सीट बदलण्याच्या सल्ल्यामागचे कारण मला समजले नाही. दुसरी अशी की झीज अंतरावर कमी आणि वेगावर व भारावर जास्त अवलंबून असते. सदर ते सिव्हिल लाइन्स अशी संथ फेरी मारणाऱ्या इंजिनात सीट वर्षानुवर्षे टिकते. तेच इंजिन तासन्‌तास वरच्या फेऱ्यांवर ठेवले तर झीज झपाट्याने वाढते. म्हणून तुमचे दोन्ही मेकॅनिक आपापल्या ग्राहकांच्या अनुभवावरून खरेच बोलत असावेत.

काटोल_नाका

ताईंचे स्पष्टीकरण उत्तम. त्याला एक पुरवणी जोडतो, कारण आमच्याकडे जॅग्वार मार्क टू आहे आणि तिच्या हेडबद्दलही अनेकांनी घाबरवले होते. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम इतके मऊ असते की त्यात थेट सीट तासताच येत नाही, म्हणून अशा हेडमध्ये कारखान्यातूनच वेगळ्या सीट रिंगा बसवलेल्या असतात. जुन्या अल्फा रोमिओ आणि आपली प्रीमियर पद्मिनीसुद्धा याच गटात मोडतात. तेव्हा ‘जुनी गाडी म्हणजे सीट जाणारच’ हे विधान सरसकट खरे नाही. लोखंडी हेड असलेल्या एमजी, ट्रायम्फ, जुन्या अमेरिकन व्ही-एट आणि आपली मूळ इंजिनाची अँबेसेडर यांच्यापुरतीच ही चिंता खरी आहे.

जॅग्वारवाल्यांनी आणखी एक पाहावे. इंजिन क्रमांकाच्या शेवटी ७, ८ किंवा ९ असा आकडा असतो, तो कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते) सांगतो. कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळणाऱ्या देशांसाठी ७ चे इंजिन उपलब्ध होते. आमच्या गाडीवर ८ आहे आणि ९१ ऑक्टेनवर तिची काहीही तक्रार नाही.

धंतोलीचा_मिस्त्री

मी लेथ आणि हेडची कामे करतो, म्हणून कामाच्या बाजूने लिहितो.

अँबेसेडरचे जुने १४८९ सीसीचे इंजिन आणि एमजीबीचे इंजिन ही एकाच घराण्याची भावंडे आहेत, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, म्हणजे बीएमसीची, बी-सिरीज. नागपुरात अँबेसेडरला गॅस किट बसवण्याची लाट आली तेव्हा सीट खचणे म्हणजे काय ते आम्ही रोज पाहिले. गॅसमध्ये शिसेही नाही आणि पेट्रोलचा ओलावाही नाही. गाडी सकाळी स्टार्ट होईना, एका सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही, टॅपेट ढिले करून दिले की काही दिवस बरी चालणार आणि पुन्हा तेच. हेड उतरवले की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बशीत बसल्यासारखा आत गेलेला दिसे. त्या हेडना रिंगा बसवता बसवता हे काम आमच्या हातात बसले.

काम कसे होते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे मशीन शॉपला काय विचारायचे ते कळेल. आधी गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी) पाहावी. गाइड झिजलेली असेल तर तिच्या मध्यावरून कापलेली सीटही तिरकी येते, म्हणून गाइड बदलल्याशिवाय रिंग बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. त्यानंतर जुनी सीट काढून गोल खाचा घेतला जातो आणि त्याहून साधारण ३ ते ४ थाऊ मोठ्या व्यासाची रिंग त्यात दाबून बसवतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. रिंग द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून आकसवली तर ती हाताने ठोकल्याविना खाली उतरते आणि तापमान सारखे झाले की घट्ट धरून बसते. नुसती हातोडीने ठोकलेली रिंग कडेचे लोखंड खरवडत जाते आणि पुढे कधीतरी सुटते. सुटलेली रिंग चालत्या इंजिनात काय करते, ते लिहायला नको. शेवटी सीट ३०, ४५ आणि ६० अशा तीन कोनांत कापतात, व्हॉल्व्ह मधल्या ४५ अंशांच्या पट्टीवर बसतो. एक्झॉस्टची ही पट्टी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. दिसायला बारीक पट्टी छान वाटते, पण व्हॉल्व्हची उष्णता त्या पट्टीतूनच हेडमध्ये जाते, हे विसरू नये.

आता सावधगिरी. बी-सिरीजच्या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट एकाच पोर्टमध्ये (जळालेला वायू बाहेर पडण्याच्या मार्गात) उघडतात. त्यांचे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे पुढून मोजल्यास चौथा आणि पाचवा, अगदी शेजारी आहेत आणि त्यांच्यामधली लोखंडाची भिंत सर्वांत जास्त तापते. तिथे तडा असण्याची शक्यता नेहमीच असते. खाचा घेताना हात थोडा खोल गेला, तर पाण्याच्या जॅकेटला भोक पडते. म्हणून आधी हेड दाबाखाली पाण्यात तपासून घ्यावे आणि मगच रिंगांचा विचार करावा. चांगले हेड विनाकारण उघडून खराब झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाने घाई केली तरी आम्ही करत नाही.

साधा_प्रश्न

मला यातले फारसे कळत नाही, पण बाटलीतून मिळणारे ‘लेड सब्स्टिट्यूट’ पेट्रोलमध्ये टाकले तर हेडला हात न लावता काम भागणार नाही का? शिवाय माझा एक मित्र सांगतो की विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते. सोनेगावला विमानतळ आहेच, तर थोडे मिळवून मिसळता येईल का?

धातुविद्या

विमानाच्या पेट्रोलचा विचार कृपया सोडून द्यावा. १०० एलएल या प्रकारात प्रतिलिटर ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असते हे खरे, पण रस्त्यावरच्या वाहनात ते वापरण्यास परवानगी नाही. त्याचे बाष्पीभवनाचे गुणधर्म विमानाच्या इंजिनासाठी जुळवलेले असतात आणि ते डब्यात भरून घरी आणणे हा वेगळाच धोका आहे. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या पेसोचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्याच शहरात असा उद्योग करणे म्हणजे फारच झाले.

बाटलीचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये शिशाचे पेट्रोल १९९९ च्या अखेरीस सर्वसाधारण विक्रीतून गेले, तेव्हा तिथल्या जुन्या वाहनांच्या क्लबांच्या महासंघाने ही द्रव्ये मायरा या संशोधन केंद्रात तपासून घेतली होती. चाचणीसाठी मुद्दाम मऊ लोखंडी हेडचे बीएमसीचे ए-सिरीज इंजिन निवडले होते आणि मोजायची गोष्ट एकच होती : सीट किती खचते. काही द्रव्ये त्या कसोटीला उतरली. ती सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस किंवा मँगनीज यांपैकी एखाद्या घटकावर आधारलेली असतात आणि शिशाप्रमाणेच सीटवर थर निर्माण करतात. दोन वेगळ्या घटकांची द्रव्ये एकमेकांत मिसळू नयेत, ही सूचना तेव्हापासून दिली जाते. मँगनीजवाल्याने स्पार्क प्लगवर तांबूस थर येतो, तो पाहून कुणी घाबरू नये.

माझे मत असे की वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीला हा मार्ग पुरेसा आहे. फक्त द्रव्य प्रत्येक वेळी आणि मापाने टाकले पाहिजे. जुन्या काळी साचलेला शिशाचा थरही काही काळ साथ देतो, पण जोरात चालवलेल्या इंजिनात तो लवकर निघून जातो.

निवृत्त_अभियंता

सीटवर पुष्कळ लिहिले गेले. माझ्या मते धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा मोठा भाग ऑक्टेनचा आहे आणि त्यात इंग्रजी लिखाण आपली दिशाभूल करते.

ब्रिटिश लेखक ९७-९८ ऑक्टेनच्या फोर स्टारवरून ९५ वर उतरण्याचे दुःख सांगतात. आपल्याकडे तसे काही घडलेच नाही. शिशाच्या शेवटच्या वर्षांत आपले साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे होते, ९३ चे महाग पेट्रोल काही ठिकाणीच मिळे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते सर्व देशात लागू झाले. पुढे साधे पेट्रोल ९१ आणि प्रीमियम ९५ ऑक्टेनचे झाले. म्हणजे नागपुरात राहिलेल्या परदेशी गाडीच्या दृष्टीने शिसे गेले आणि ऑक्टेन वाढले. मामांच्या काळात त्या गाडीचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) स्थानिक पेट्रोलला जुळवून मागे घेतलेले असण्याचीच शक्यता जास्त आहे.

एमजीबीच्या इंजिन क्रमांकात एच किंवा एल हे अक्षर असते. एच म्हणजे ८.८ चा कॉम्प्रेशन रेशो, एल म्हणजे ८. एल असेल तर ९१ वर इंजिन समाधानाने चालावे. एच असेल तर ९५ भरावे आणि तरीही मे महिन्याच्या दुपारी चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर खडखड ऐकू आली, तर टायमिंग अंशाअंशाने मागे घ्यावे.

मात्र याच ठिकाणी मला एक धोका दिसतो आणि त्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. टायमिंग मागे घेतले की ज्वलन उशिरा सुरू होते, सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू अधिक तापलेला असतो आणि ती सगळी उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर येते. म्हणजे नॉकिंग घालवण्याचा सोपा उपाय सीटला मारक ठरतो. मिश्रण पातळ असेल तरीही तेच होते. ऑक्टेनचा माणूस एक इलाज करतो, कार्बोरेटरचा दुसरा, हेडचा तिसरा आणि तिघांच्या इलाजांचा भार शेवटी त्याच चार व्हॉल्व्हवर पडतो. म्हणून आधी टायमिंग योग्य जागी, मग मिश्रण योग्य आणि त्यानंतर सीटची पारख हा क्रम मी सुचवेन. प्रीमियम पेट्रोलचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण गरजेपेक्षा जास्त मागे घेतलेले टायमिंग चालणार नाही.

अमरावती_रोड

अभियंता साहेबांनी पातळ मिश्रणाचा उल्लेख केला, तो धागा पकडून इथेनॉलबद्दल लिहितो.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा भाग पुरते. आधुनिक गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो, एसयू कार्बोरेटरला ते कळण्याचे काही कारण नाही. जुन्या मापाची सुई आणि जेट तसेच ठेवले, तर इंजिन सर्वच वेगांवर पातळ मिश्रणावर चालते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते ही जमेची बाजू खरी, पण पातळपणाचा तोटा भरून काढावाच लागतो. एसयूमध्ये जेटचा षट्कोनी नट एकेक बाजू फिरवून जेट थोडे खाली घेता येते. तेवढ्याने भागले नाही तर जास्त इंधन सोडणारी सुई घालावी लागते. वेबर कार्बोरेटर असेल तर मेन जेट एक माप मोठे.

दुसरा त्रास रबराचा. जुने होज, पंपाचा पडदा आणि कॉर्कची पॅकिंगे इथेनॉलमध्ये फुगतात किंवा भुसभुशीत होतात. मी काढलेल्या एका जुन्या होजच्या आतला थर बोटाने निघत होता आणि त्याचे काळे कण फ्लोट चेंबरच्या तळाशी गाळासारखे बसले होते. बाहेरून तो होज अगदी ठणठणीत दिसत होता. इथेनॉलला चालणारे, व्हायटॉनचे अस्तर असलेले होज घ्यावेत. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी केली, तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते आणि टाकी आतून गंजू लागते.

तिसरे म्हणजे आपला उन्हाळा. बी-सिरीजमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक आहेत. बाहेर पंचेचाळीस अंश असताना सिग्नलवर गाडी बंद केली, तर फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते आणि गाडी पुन्हा स्टार्ट होताना नखरे करते. मधला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे ना ते पाहावे. मूळ पत्र्याला ॲस्बेस्टॉसचे अस्तर असते, ते कोरडे खरवडू नये.

गोकुळपेठ_१

सर्व चर्चा वाचली. मला मात्र राहून राहून वाटते की शिशाचे पेट्रोल या गाड्यांसाठी खरोखर चांगले होते. एक्झॉस्टच्या पाइपाचे तोंड कसे स्वच्छ करड्या रंगाचे दिसायचे! आता सगळे काळे.

धातुविद्या

तो करडा रंग शिशाच्या क्षारांचाच होता. पाइपाच्या तोंडावर उरलेला भाग तेवढा डोळ्यांना दिसे, बाकीचा सीताबर्डीच्या हवेत जाई आणि त्याचे परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होत. जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली या पेट्रोलमधून बाहेर पडला. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या गावात बसून शिशाची हळहळ करणे मला तरी जमणार नाही. पाइपाच्या रंगावरून मिश्रण ओळखण्याची जुनी सवय मात्र सोडावी लागेल, एवढे मान्य. शिसेविरहित पेट्रोलवर तोंड काळेच राहते. प्लगची निरीक्षणेही जुन्या तक्त्यांशी तंतोतंत जुळत नाहीत.

काटोल_नाका

वेगाचा मुद्दा धागाकर्त्यांच्या गाडीला लावून पाहिला. एमजीबी चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे ताशी सुमारे २८.८ किलोमीटर वेग देते. म्हणजे ताशी १०० ला इंजिन जवळजवळ साडेतीन हजारांवर आणि समृद्धी महामार्गाच्या १२० च्या मर्यादेला चार हजारांच्या वर जाते. ओव्हरड्राइव्ह लावला तर तेच आकडे अनुक्रमे २८०० आणि ३३०० च्या आसपास येतात. नागपूरहून शिर्डीच्या दिशेने सरळ, रिकामा रस्ता आणि मे महिन्यातली दुपार म्हणजे मऊ सीटला नको असलेल्या सर्व गोष्टी एकाच ठिकाणी. त्या रस्त्यावर जायचेच असेल तर ओव्हरड्राइव्हचा सोलेनॉइड (तो विजेवर चालू करणारा भाग) आधी दुरुस्त करून घ्यावा, तो हेडच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

जुना_सदर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मध्यंतरी थोडी तपासणी केली, ती कळवतो.

इंजिन क्रमांकात एल हे अक्षर आहे. अभियंता साहेबांनी म्हटल्याप्रमाणे टायमिंग खरोखरच बरेच मागे घेतलेले निघाले. ते पुस्तकातल्या मापावर आणल्यावर ९१ ऑक्टेनवर खडखड नाही, पिकअप सुधारला आणि तापमानाचा काटाही पूर्वीइतका वर जात नाही. होज बदलले आहेत. जेट दोन्ही कार्बोरेटरवर सारखे खाली घेतले आहे, सुई तूर्त तीच आहे.

टॅपेट थंड इंजिनावर १५ थाऊला लावून गाडी पावसाळाभर चालवली, त्यात कामठी रोडच्या रोजच्या फेऱ्या आणि रामटेकपर्यंतच्या काही लांब फेऱ्या होत्या. परवा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून पाहिले. पहिला, चौथा आणि आठवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह होता तसाच आहे. पाचव्याची, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची फट १२ वर आली आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचे जवळपास सारखे आहे. मिस्त्री भाऊ, हे हेड उतरवण्याइतके गंभीर समजावे का?

धंतोलीचा_मिस्त्री

लगेच नाही. तीन थाऊ कमी होणे ही सूचना आहे, संकट नाही. मधल्या पोर्टचाच व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे आश्चर्यही वाटले नाही. फट पुन्हा १५ ला लावा, पेट्रोलमध्ये एकाच प्रकारचे द्रव्य मापाने सुरू करा आणि तेवढ्याच वापरानंतर पुन्हा मोजा. झीज थांबली तर हेडला हात लावू नका. पाचवा पुन्हा तितकाच खाली आला, तर हेड उतरवून, तडा तपासून, फक्त चार एक्झॉस्ट सीटना रिंगा बसवा आणि सोबत चार नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उष्णता सहन करणाऱ्या २१-४एन स्टीलचे घ्या. कडक रिंगेवर जुना झिजलेला व्हॉल्व्ह बसवण्यात अर्थ नाही. इनलेटच्या सीट नुसत्या ग्राइंड करून लॅप केल्या की झाले. आठही रिंगांचे बिल कुणी दिले तर कारण विचारा.

मोजताना नऊचा हिशेब पाळा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला मोजायचा, पाचवा मोजायचा तर चौथा उघडा, बेरीज नेहमी नऊ.

निवृत्त_अभियंता

मिस्त्रींशी पूर्ण सहमत आहे, पण फिलर गेजवर एकट्यावर विसंबू नये. इतक्या जुन्या इंजिनात रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो. फिलरची पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी आडवी राहते आणि फट असते त्याहून कमी दाखवते. त्याहून वाईट म्हणजे सीट खचली की फट कमी होते आणि रॉकर झिजला की वाढते. दोन्ही एकाच वेळी होत असतील तर गेज ‘सर्व ठीक’ सांगत राहील आणि व्हॉल्व्ह आत जात राहील. म्हणजे तुमचे जे तीन व्हॉल्व्ह जागेवर आहेत असे वाटते, त्यांच्याबद्दलही आत्ताच खात्री देता येणार नाही.

रॉकर कव्हर काढल्यावर, व्हॉल्व्ह बंद असताना, कव्हर बसते त्या सपाट कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यांच्या टोकांची उंची डेप्थ व्हर्नियरने मोजून वहीत लिहून ठेवावी. या मापात रॉकरचा संबंधच येत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी टोक जितके वर आलेले दिसेल तितकीच सीट खरोखर खचलेली असेल. हे माप फट नव्याने लावण्यापूर्वीच घेतलेत तर उत्तम, आणि रॉकर शाफ्ट कधी काढलात तर टोकांचे खळगेही डोळ्यांखालून घाला.

जुना_सदर

फट अजून लावलेली नाही. व्हर्नियर शेजाऱ्यांकडे आहे, रविवारी कव्हर उघडून चारही उंच्या घेतो आणि आकडे इथेच टाकतो.